भाव चढला, माणूस पडला

(कुडपण, ता. पोलादपूर, जि. रायगड येथे कोरडवाहू कापूस-ज्वारी उत्पादकांच्या कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रायगडाच्या पायऱ्या चढून-उतरून आपण काल संध्याकाळी या कुडपण गावात आलो. आपण सगळी यवतमाळ, अमरावती, परभणी, बीडकडची माणसे. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस वेळेवर पडला तर त्या साली आपण पोळा दणक्यात करतो. इथे तीन हजारांच्या वर पडतो आणि सावित्रीतून समुद्राला जाऊन मिळतो. आपल्याकडे जमीन आहे, पाणी नाही. इथे पाणी आहे, जमीन नाही. उतारावर नाचणी आणि वरी, खाचरात जमेल तेवढे भात. तेवढ्यावर चूल चालत नाही म्हणून घरोघरची माणसे मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली. कोरडवाहू शेतकऱ्याची दशा डोंगरी शेतकऱ्याला सांगावी आणि त्याची आपण समजून घ्यावी, एवढ्यासाठी आपण इथे जमलो.

पत्रिकेवर आज आमच्या नावापुढे 'कापसाचा उत्पादनखर्च' हा विषय छापला आहे. तो आम्ही उद्यावर ढकलला आहे. का, ते सांगतो.

काल रात्री जेवणे झाल्यावर आम्ही नेहमीचे बोललो. भाव मिळत नाही म्हणून कर्ज होते, कर्ज होते म्हणून माणूस खचतो. हे गणित आम्ही वीस वर्षे मांडत आलो आहोत आणि ते खोटे नाही. आमचे बोलून झाल्यावर मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "दादा, आमच्याकडं कापूस नाही, मग कापसाचा भाव कुठला? बँकेचं कर्जही नाही. तरी आमच्या नात्यातला पोरगा दोन महिने वाऱ्यासारखा धावतो, कोणाचं ऐकत नाही, आणि मग चार महिने अंथरुणातून उठत नाही. ते कशानं?"

आमच्याकडे कृषी शाखेची पदवी आहे. मातीत नत्र किती आणि पालाश किती ते आम्ही सांगू शकतो. या प्रश्नाला मात्र आम्ही रात्री उत्तर दिले नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते सांगायचे तर आमची एक चूक सांगावी लागली असती. रात्रभर विचार केला आणि ठरवले की सांगायची.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत

आमचा एक सहकारी आहे. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो आहोत. त्याचे नाव, गाव आम्ही सांगणार नाही. तो आज या सभेत बसला आहे की नाही, तेही सांगणार नाही. नऊ एकर कोरडवाहू जमीन. सात एकरांत कापूस आणि तुरीच्या ओळी, दोन एकर ज्वारी. बारा वर्षे सभेला येणारा, मागच्या रांगेत बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस.

२०२१ च्या दसऱ्याला हा माणूस बदलला. पायाला भिंगरी लागली. दिवसाला चार-चार गावे मोटारसायकलवर पालथी घालू लागला. उभा राहिला की दीड तास बोलायचा आणि लोक हलायचे नाहीत. रात्री दोन वाजता आम्हाला फोन. आपण स्वतःची जिनिंग काढू, मग सूतगिरणी, मग कापड थेट मुंबईत विकू. एक बेत संपायच्या आत दुसरा. झोप किती, तर दोन तास. थकवा मात्र नावाला नाही.

आम्ही काय केले? जिल्ह्याच्या बैठकीत त्याला पुढे बसवले. असे दहा कार्यकर्ते मिळाले तर जिल्हा हलवून दाखवू, असे आम्हीच म्हणालो. आमच्या शब्दाला लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीत त्याने बैलजोडी विकली. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस येईल त्या भावात गावातच मोजून दिला. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने तीन लाख हातउसने घेतले आणि एका जुन्या जिनिंग यंत्राचा इसार देऊन आला. ते यंत्र त्याने धड पाहिलेही नव्हते. त्याची बायको आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, हे झोपत नाहीत. यांना चार दिवस घरी बसवा." आम्ही हसलो. म्हणालो, "वहिनी, चळवळीच्या माणसाला झोप कसली?"

भावांनो, हे वाक्य आमचे आहे. ते आमच्या गळ्यात अडकले आहे. आजही निघत नाही.

पुढे संक्रांत आली. २०२२ च्या जानेवारीत कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, ते तुम्हाला आठवत असेल. ज्यांनी घरात कापूस ठेवला होता त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी हसू दिसले. आमचा हा माणूस त्याच पंधरवड्यात खाटेला खिळला. झाडावर कापूस फुटून लोंबत होता. वेचायला हा गेला नाही. अंघोळ नाही, जेवण नाही, भिंतीकडे तोंड. मी सगळ्यांचे वाटोळे केले, माझे आता काही उरले नाही, एवढेच बोलायचा. जगण्यात अर्थ नाही असेही म्हणाला. त्या दिवशी बायकोने घरातले फवारणीचे औषध उचलून भावाच्या घरी नेऊन ठेवले. आम्ही सगळे शहाणे गप्पा मारत होतो तेव्हा करायची ती गोष्ट त्या बाईने केली.

आम्ही गेलो आणि भाषण दिले. "अरे, भाव दहा हजारांच्या वर गेला, ऊठ!" तो नुसता बघत राहिला. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले की आमचे गणित इथे लागू होत नाही. भाव पडला म्हणून माणूस पडला असता तर आम्ही समजलो असतो. इथे भाव चढला आणि माणूस पडला. त्याआधी तो उंच उडाला, तेव्हा भाव काही असा मोठा नव्हता.

लाल्या पाहून खत टाकायचे नसते

घरच्यांनी आधी बाहेरचे बघितले. अंगारा, उतारा, लिंबू झाले. मग एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खिन्नतेच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत माणूस उठला. घरात आनंद झाला. पण तो उठून थांबला नाही. पुन्हा दोन तास झोप, पुन्हा नवे बेत, बाजारात भांडणे. शेवटी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांपुढे बसवला. त्यांनी आधी गोळीचे नाव काढले नाही. त्यांनी बायकोला विचारले, "गेल्या दिवाळीत हे कसे होते?"

हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता. आम्हीही आपण होऊन सांगितले नव्हते. पहिल्या डॉक्टरांना आम्ही पडलेला माणूस दाखवला, त्यांनी पडलेल्या माणसाचे औषध दिले. दिवाळीतला धावणारा माणूस आजारी होता हे आमच्याच डोक्यात नव्हते, तर आम्ही सांगणार काय?

कापसाचे पान लाल झाले की आपण लाल्या आला म्हणतो. तो मॅग्नेशियम कमी पडल्याने येतो, तुडतुड्यांनी येतो, रात्रीच्या थंडीने येतो, पाण्याच्या ताणानेही येतो. पान एकच, कारणे चार. नुसते पान पाहून खताची गोणी सोडणाऱ्याचे पैसे जातात. माणसाच्या बाबतीत पैशाबरोबर माणूसही जाऊ शकतो.

या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. मराठीत द्विध्रुवी विकार असा शब्द आहे. आपल्या भाषेत चढ-उताराचा आजार म्हणा. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खोल खिन्नता, आणि मधल्या काळात माणूस पुष्कळदा अगदी आपल्यासारखा. बहुधा ऐन तरुणपणी, विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो, पण पुढच्या वयातही पहिल्यांदा दिसतो. रक्ताच्या नात्यात कोणाला असेल तर धोका वाढतो. म्हणून प्रत्येक मुलाला होतोच असे नाही, बहुतेकांना होत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. आयुष्यात कधी तरी हा आजार झालेली माणसे शंभरात अर्धा, म्हणजे दोनशेत एक निघाली. आपल्या मोठ्या सभेला दोन हजार माणसे येतात, त्यांत दहा धरा. आणि हा आजार असलेल्या दहांपैकी सात जणांना उपचार मिळत नव्हते.

मन खाली-वर होणे म्हणजे आजार नव्हे

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. कोणाचा मूड बदलला की तो आजारी समजायचा का? मुळीच नाही. मृगात पाऊस आला की शेतकरी नाचतो, खंड पडला की करपतो. सकाळी बायकोवर ओरडतो, दुपारी तिच्याच हातची भाकर खाऊन विसरतो. हे आजाराचे लक्षण नाही. दर तासाला मन बदलणे हेही बहुधा या आजाराचे लक्षण नाही.

याच महाड-पोलादपूरचे घ्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी माणसे नेली. त्यानंतर पाऊस जोराने लागला की या डोंगरातल्या माणसाची झोप उडत असेल, तर त्याला कारण आहे. त्या भीतीवरही मदत आणि उपचार आहेत. पण तो चढ-उताराचा आजार नव्हे.

शेतकऱ्याला हा फरक कळायला अवघड नाही. भर दुपारी उन्हात कपाशी मान टाकते आणि सांजेला पुन्हा उभी राहते. तिला रोग नाही, ताण आहे. पण जमिनीत ओल असताना आणि ऊन उतरल्यावरही झाड मान वर करत नसेल, तर आपण खाली बसतो आणि मूळ बघतो. माणसाच्या बाबतीत मूळ बघायचे म्हणजे चार गोष्टी विचारायच्या.

पहिली, किती दिवस? चढ सलग आठवडाभर किंवा जास्त टिकतो. सौम्य असेल तरी चार दिवस. उतार दोन आठवडे किंवा जास्त, बहुतेक सगळा दिवस, रोज. तासांचा हिशेब धरू नका, दिवसांचा धरा.

दुसरी, झोप किती? आपल्याला काळजीने झोप लागत नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी आपण मेल्यासारखे होतो. चढातला माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी ताजातवाना असतो. हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

तिसरी, हा त्याचा नेहमीचा स्वभाव आहे का? काही माणसे जन्माची बडबडी असतात. त्यांना आजारी ठरवू नका. मुका माणूस अखंड बोलू लागला, काटकसरी माणूस पैसा उधळू लागला, मर्यादेने वागणारा बेफाम वागू लागला, आपल्याला देवाने खास कामासाठी पाठवले असे सांगू लागला, तर सावध व्हा. हे त्याला स्वतःला दिसत नाही. त्याला वाटते, मी आयुष्यात पहिल्यांदा बरा आहे. घरच्यांना दिसते, आणि सगळ्यांच्या आधी बायकोला दिसते.

चौथी, नुकसान होते आहे का? जमीन, बैल, नोकरी, नाते, अब्रू यांतले काही हातातून जात असेल किंवा जीव धोक्यात असेल, तर वाट पाहायची नाही.

चारही उत्तरे तशी आली म्हणजे आजार आहेच, असे नाही. निदान डॉक्टर करतील. थायरॉईडचा दोष, दारू, गांजा, काही औषधे यांनीही असे होऊ शकते, म्हणून आधी तपासणी. फवारणी करून आल्यावर मळमळ, घाम, धूसर दिसणे, डोके सुन्न होणे असे झाले तर ती विषबाधा समजा आणि त्याच घटकेला दवाखाना गाठा. २०१७ मध्ये यवतमाळात त्यात किती बळी गेले ते आपण विसरलेलो नाही.

मायबहिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाईची झोप उडाली, ती भलतेच बोलू लागली, तिला आवाज ऐकू येऊ लागले, तर ते अंगात येणे नव्हे आणि नाटकही नव्हे. तो तातडीचा आजार आहे. आईचा आणि बाळाचा, दोघांचा जीव धोक्यात असतो. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बरी होणारी बाई आहे ती. पुरुषाला हा आजार झाला तर बायको औषध आणते. बाईला झाला तर तिला माहेरी पोचवतात आणि नवरा दुसरी बघतो. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

औषध काय करते

या आजारावर औषधे आहेत आणि ती साधी आहेत. त्यांतले जुने औषध लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. लिथियम म्हणजे खडकात सापडणाऱ्या धातूचा क्षार. त्याची गत खतासारखी आहे. कमी पडले तर गुण नाही, जास्त झाले तर झाड जळते. माती तपासून मात्रा ठरवतो तसे यात रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणीही ठराविक काळाने करावी लागते.

कोरडवाहू शेतकऱ्याने यात विशेष जपायचे आहे. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने अंगातले पाणी आणि मीठ गेले की हेच औषध रक्तात वाढून विषासारखे होऊ शकते. जुलाब, उलट्या झाल्या तरी तेच. निर्जळी उपास करायचा नाही. मीठ एकाएकी तोडायचे नाही. अंग दुखते म्हणून दुकानातून कसलीही दुखीची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचे. हात जास्त थरथरू लागले, चाल अडखळू लागली, उलट्या होऊ लागल्या तर तातडीने रुग्णालय. दुसरी औषधेही आहेत, त्यांतली काही मूल होण्याच्या वयातल्या बाईला चालत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही.

आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायचे नाही. आमच्या सहकाऱ्याने २०२३ च्या पेरणीच्या धामधुमीत गोळ्या सोडल्या. काही आठवड्यांतच झोप पुन्हा तीन तासांवर आली. या वेळी बायकोने कॅलेंडर पाहून ओळखले. ती रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो तशी, नवऱ्याच्या झोपेचे तास लिहीत होती. आठ, सात, सात, पाच, तीन. आकडा तीन झाला त्या दिवशी तिने एस.टी. पकडली. बैल विकायच्या आत माणूस आवरला.

औषध न मिळालेल्या माणसाचे काय होते? आमच्या सहकाऱ्याचा एक चुलता तरुणपणी घर सोडून गेला. बैरागी झाला असे सगळे म्हणत. तो कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. याच रायगड जिल्ह्यात, वर कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, चिंध्या पांघरलेल्या मनोरुग्णांना तिथे आणतात, औषध देतात, बरे वाटले की गाव-पत्ता विचारून घरी पोचवतात. काम १९८८ पासूनचे, कर्जतचे केंद्र २००६ चे, आणि डॉक्टरांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशी हजारो माणसे घरी परत गेली. त्यांतल्या कित्येकांना घरच्यांनी मेलेली धरले होते. आपण ज्याला बैरागी म्हणतो, वेडा म्हणतो, त्याला कदाचित एका गोळीची गरज असते.

भावाची लढाई सोडायची का?

आता काही कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका आली असेल. सरकारला हेच हवे आहे. शेतकरी आत्महत्या करतो तो मनोरुग्ण आहे म्हणून, धोरणामुळे नाही, असे एकदा ठरले की मंत्री हात झटकायला मोकळे. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा अंत झाला. तेव्हापासून आपण हेच सांगत आलो की या मृत्यूंमागे लुटीची व्यवस्था आहे. आज ते मागे घ्यायचे का?

एक अक्षरही मागे घ्यायचे नाही. ताणाने आजार उफाळतो आणि आजारात घेतलेल्या कर्जाने ताण वाढतो. भाव मिळाला असता तर आमच्या सहकाऱ्याच्या घरात त्या पडत्या काळासाठी चार पैसे असते. जवळ डॉक्टर असता तर व्याजाचे तीन लाख डोक्यावर बसले नसते. पण उलट बाजूही खरी आहे. कर्जमाफीने उन्माद उतरत नाही. हमीभावाने खिन्नता जात नाही. तुटलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो, तेव्हा रस्त्यातला खड्डा सरकारचा होता ही तक्रार आपण सोडत नाही. दोन्ही करतो. सरकारला सवलत मिळेल या भीतीने आपण आजाऱ्याला औषधापासून दूर ठेवले, तर आपल्यात आणि त्या मंत्र्यात फरक काय?

गावाने मनावर घेतले तर बदल होतो, हे आपल्या कापूस पट्ट्यातच दिसले आहे. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खिन्नतेच्या आजाराबद्दल सांगितले. आधी अशा शंभर आजाऱ्यांतले चार कोणाची तरी मदत घेत होते, पुढे सत्तावीस घेऊ लागले. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला.

हक्काचे म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली मनाच्या आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत फुकट मिळाली पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. लिथियम त्या यादीत आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखाली असलेला माणूस धरावे, असेही तो कायदा सांगतो. आणि भूत उतरवायचे म्हणून माणसाला साखळीने बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कुडपणचा माणूस उपचाराला निघाला तर आधी पोलादपूर, आणि तिथे नाही झाले तर शंभर किलोमीटरच्या वर अलिबाग. नाहीतर रत्नागिरी किंवा ठाण्याचे मनोरुग्णालय. एका फेरीत दोघांची दोन दिवसांची मजुरी आणि भाडे. मग दर महिन्याला गोळ्या कोण आणणार? म्हणून आपली मागणी अशी की तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बसावा, आणि लिथियमची गोळी व रक्ततपासणी तिथेच मिळावी. ही मागणी हमीभावाच्या मागणीइतकीच आपली आहे.

गावी गेल्यावर

मोर्चा निघेल तेव्हा निघेल. तोवर आपल्या हातातले करायचे आहे.

चळवळीसाठी आम्ही एक नियम मांडतो, उद्याच्या बैठकीत तो मंजूर करा. जो कार्यकर्ता चार दिवस झोपलेला नाही त्याला व्यासपीठ द्यायचे नाही, त्याच्याकडून देणगी घ्यायची नाही, कागदावर सही घ्यायची नाही. त्याला घरी पोचवायचे आणि घरच्यांशी बोलायचे. आणि जो पडला आहे त्याला भाषण द्यायचे नाही. त्याचा कापूस वेचून द्यायचा, दवाखान्यात बरोबर जायचे.

डॉक्टरांकडे गेल्यावर उतार सांगाल तसा आधीचा चढही सांगा. घरातल्या बाईला बरोबर न्या आणि आधी तिला बोलू द्या.

फवारणीचे औषध कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे. हा नियम सगळ्याच घरांना.

कोणी जगण्यात अर्थ नाही म्हणाला तर नाटक म्हणू नका. त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटा सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. घराच्या दारामागे लिहून ठेवा.

भावांनो, हे कुडपण शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. सिंहगडावर तानाजी पडले तेव्हा ऐंशीच्या घरातला हा म्हातारा मामा मागे वळला नाही, उभा राहून लढला, असे परंपरा सांगते. आपल्यातला माणूस पडतो तेव्हा त्याच्या शेजारी असा कोणी तरी मामा लागतो. आमच्या सहकाऱ्याला तो मिळाला, पण तो मामा आम्ही नव्हतो. त्याची बायको होती.

तो आता बरा आहे. बैलजोडी परत आली नाही, व्याज अजून फिटते आहे. सभेला येतो, मागच्या रांगेत बसतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. मागे एकदा आम्ही त्याला भाषण करायला सांगितले, तर म्हणाला, "दहा मिनिटं बोलीन. मग मला झोपायला जायचं आहे."

मावशी, तुमच्या प्रश्नाला उशीर झाला, पण हे आमचे उत्तर. तुमच्या मुलाला पुढच्या सुट्टीत गावी बोलवा. तो कधी धावतो आणि कधी पडतो ते कागदावर लिहा, महिन्यासकट. रात्रपाळी असेल तर तेही लिहा, कारण झोप मोडली की हा आजार उफाळतो. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. आमच्यापैकी दोघे बरोबर येतील. कापसाच्या उत्पादनखर्चाचे आम्ही उद्या बोलू.